कुठनं मागतंय?

एकदा एका गुऱ्हाळावर एक म्हातारा गुळव्या आपल्या शिष्याला गूळ शिजवण्याची विद्या देत होता. शिष्य कष्टाला वाघ. पण घटकेघटकेला तंबाखू मळायचा. आदल्याच दिवशी बार भरण्याच्या नादात उकळत्या रसाची काहील चुलीवरून उतरवायचा क्षण हुकला आणि अख्खा पाक करपला. मालकाने बजावले, "आज पुन्हा असं झालं, तर उद्या येऊ नकोस."

शिष्याने दात-ओठ खाऊन तंबाखूची चंची चुलवाणाच्या जाळात भिरकावली. म्हाताऱ्याने ती काठीने बाहेर ओढली, झटकली आणि आपल्याच कमरेला खोचली.

"मागशील तवा देईन. पर मागताना आंगावर हात ठिवायचा, जिथनं मागणं येतंय तिथं."

शिष्य चक्रावला. हे व्यसन सोडवणं आहे की लाड?

थोड्या वेळाने त्याने चंची मागितली. हात गळ्यावर गेला. घसा धगीने कोरडा पडला होता. म्हाताऱ्याने तांब्या पुढे केला. दुपारी हात पोटावर गेला; भाकरी मिळाली. तिसऱ्यांदा मात्र हात हवेतच राहिला.

"आबा, आता नुसतीच तलफ हाय! थट्टा मांडलीया व्हय माझी?" तो चिडून म्हणाला.

"थट्टा न्हाई गड्या," म्हातारा शांतपणे म्हणाला. "तहानेची हाक येगळी, भुकेची येगळी, भीतीची येगळी. तू धा वर्सं समद्या हाकांच्या तोंडात एकच चिमूट कोंबलीस. आता काय बी दुखलं-खुपलं तरी आतनं तिच्याच नावानं वरडा हुतोय. आदी हाक वळख. आन् नुसती तलफ आसंल, तर ती बी हाकच हाय. परत्येक हाकेला धावत जायाचं नसतं."

शिष्य कामाला लागला. तलफ तासभर छळत राहिली, पण त्याने ढवळणे सोडले नाही.

संध्याकाळी पाक फसफसू लागला. "आज तू सांगायचं, कवा उतरवायची," म्हातारा म्हणाला. काहील उचलायला गडी बांबू घेऊन उभे राहिले, मालकही आला. शिष्याच्या तोंडाला तंबाखूसाठी पाणी सुटले आणि हात आपसूक छातीवर गेला. आत धडधड चालली होती. म्हाताऱ्याने चंची उघडून त्याच्यापुढे धरली.

शिष्याने ती बाजूला सारली. "नगं आबा. भ्यालोय मी, दुसरं काय न्हाई."

त्याने पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, बोटांत त्याची गोळी वळून पाहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "उतरवा!"