तहमीना आणि मेहंदीच्या बागेतली परी

समुद्राकाठी, माडांच्या सावलीत एक वाडी होती. तिथे झावळ्यांनी शाकारलेल्या इवल्याशा घरात तहमीना राहायची. ईद अगदी तोंडावर आली होती, पण घरात ना शेवया होत्या, ना नवा फ्रॉक. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिचा जीव अब्बांपाशी लागला होता. वाडीतल्या सगळ्या होड्या मासेमारीला गेल्या होत्या, वारं पिसाळलं होतं आणि एकही होडी परतली नव्हती. अम्मी दारात जायची, आत यायची आणि पुन्हा दारात जायची.

"अम्मी, मी मेहंदीचा पाला आणू?" तहमीनालाही घरात बसवेना.

"आण. पण आज तुझा रोजा आहे, बेटा. बागेत असतानाच अजान झाली तर?" अम्मीनं तिच्या हातात एक खजूर आणि लोटीभर पाणी दिलं.

बागेत मेहंदीची हिरवीगार झुडपं सळसळत होती. शेजारच्या काजूच्या खोडावर काहीतरी चमचमलं. तहमीनानं वाकून पाहिलं. बोटाएवढी परी! पोपटी झगा, गुलाबी गाल, आणि चंदेरी पिटुकले पंख डिंकात घट्ट चिकटलेले.

"घाबरू नकोस हं," तहमीना म्हणाली. तिच्या घशाला कोरड पडली होती. तरी तिनं लोटीतलं पाणी थेंब थेंब त्या पंखांवर सोडलं. लोटी रिकामी झाली आणि पंख सुटले. तेवढ्यात अजान झाली. तहमीनानं खजुराचे दोन तुकडे केले आणि एक परीपुढे धरला.

परी आनंदानं गिरकी घेत म्हणाली, "एक इच्छा माग. पण नीट ऐक. ईदचा चांद दिसतोय तोवरच मागायचं. जितक्या जणांसाठी मागशील, तितका वेळ लागेल. तुझा वाटा सगळ्यांत शेवटी येईल. आणि तोवर कुणाला काही सांगायचं नाही."

समुद्रावर नाजूकसा चांद दिसत होता. कोर भराभर खाली उतरू लागली. 'माझे अब्बा' हे शब्द तहमीनाच्या ओठांवर आले. पण तिला येसू आठवली. तिची मैत्रीण येसू सकाळपासून वाळूत बसून आपल्या बाबांची वाट पाहत होती.

"सगळ्या होड्या घरी येऊ देत!" तहमीना ओरडली, आणि चांद बुडाला.

ती रात्र काही केल्या सरेना. अम्मी कूस बदलत होती आणि तहमीनाला तोंड उघडायची सोय नव्हती.

सकाळी वारं पडलं. "होडी आली!" किनाऱ्यावर एकच गलका झाला. एक आली, मग दुसरी. येसूचे बाबा उतरले तेव्हा येसू पाण्यातच धावली. मशिदीत नमाज झाली, अत्तराचा घमघमाट सुटला. सगळे एकमेकांना मिठी मारून ईद मुबारक म्हणू लागले. नव्या कपड्यांतली मुलं ईदी मागत पळू लागली. येसूच्या आईनं शीरखुर्म्यासाठी दूध आणि शेवया आणून दिल्या. पण अम्मीनं चूल पेटवली नाही. अब्बांची होडी अजून आली नव्हती.

तहमीना धापा टाकत बागेत गेली. "परी, तू विसरलीस का गं?"

"तुला पस्तावा होतोय?" पानाआडून परीनं हळूच विचारलं.

तहमीनानं डोळे पुसले. "नाही. येसू किती हसत होती! पण अम्मीनं कालपासून काही खाल्लं नाही गं."

परीनं आपले चिमुकले ओठ तिच्या गालाला टेकवले. "मग चल, तुझा वाटा घे!"

तिच्या पंखांतून सोनेरी, केशरी, निळा उजेड सांडला. बघता बघता परीचाच उजेड झाला आणि माडांवरून समुद्रावर पसरत गेला. झुडपावर आता कुणीच नव्हतं. आणि त्या झगमगत्या पाण्यावर, दूरवर, एक शीड डोलत येत होतं.

तहमीना किनाऱ्यावर पोहोचली तेव्हा अम्मी गुडघाभर पाण्यात उभी होती. हसतही होती, रडतही होती. अब्बांनी उडी मारून दोघींना एकदमच कवेत घेतलं. त्यांची दाढी मिठानं पांढरी झाली होती.

"ईद मुबारक!" ते म्हणाले. "घरात काही खायला आहे का? फार भूक लागलीय."

"आत्ता करते!" म्हणत अम्मी ओल्या पदरानिशी चूल पेटवायला धावली.