कौतिकेचं पीस

फार फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा आपल्या तळ्याला घाट नव्हता, मोहाचं झाड मात्र होतं. धिवरांच्या घरातल्या दोन जावा, थोरली कौतिका आणि धाकटी रायवंता, या तळ्यात शिंगाडा लावत. मधे हद्दीचा बांबू रोवलेला.

शिंगाड्याचं कसं, पांढरं फूल पाण्यावर उमलतं आणि फळ धरलं की मान घालून पाण्यात जातं. रायवंतेची फुलं भराभर बुडायची. कौतिका जळायची हो, सरळच सांगते! जावेची टोपली भरली की हिला भाकरी गोड लागायची नाही.

एकदा तिने पाहिलं, मोहावरच्या पोळ्यातल्या माशा हिच्या फुलांवर बसतात, अंगाला पिवळी पूड माखतात, नि थेट जावेच्या फुलात शिरतात.

"चोरट्या मेल्या! माह्या घरचं नेऊन तिचं घर भरतात!"

तिने झाडाखाली ओला पाला पेटवला. धूर असा उठला की सूर्य दिसेना, असं म्हणतात. माशा गेल्या त्या गेल्याच.

मग ती बांधावर बसून जावेची फजिती बघू लागली. रायवंतेचं एक फूल बुडेना. बरं झालं! पण वळून बघते तर काय, हिचंही बुडेना. फुलं सडून गळू लागली, आणि दोन्ही घरांचं वर्षाचं पोट त्याच तळ्यात होतं.

रायवंता रडत आली. "बाई, आता पोरांना काय घालायचं वो?"

कौतिका उठली, माशांचं काम आता आपणच करायचं म्हणून. बगळ्याचं पीस घेऊन पाण्यात उतरली. आपल्याच फुलांवरून फिरवलं, काही होईना. शेवटी दातओठ खात बांबू ओलांडला, जावेच्या फुलाची पूड आणून आपल्या फुलाला लावली. बुडालं की! पण पुन्हा पूड आणायला गेली, तर पिसावरची हिची पूड तिकडे सांडली, नि जावेचंही फूल बुडालं.

"घे मेले, तुझंही भर!" असं पुटपुटत ती फिरत राहिली. शेवटचं फूल बुडालं तेव्हा तिनेही मान घातली आणि पाण्यात गेली, असं म्हणतात. ती गेली तिथून माशांचा थवा उठला आणि मोहावर जाऊन बसला.

आजही शिंगाडा फुलला की तळ्याकाठी कुणी विडीसुद्धा पेटवत नाही. आणि पहिला शिंगाडा आपला खायचा नाही, जावेच्या हद्दीतला खायचा. तो खाताना जिचं तोंड वाकडं होतं, तिच्या हातात सासू बगळ्याचं पीस देते.