बहुरूप्याची ओंजळ

एकदा एका वृद्ध सारंगीवादकाने आपल्या शिष्याची, त्र्यंबकची, पहिली बैठक ठरवली. जाणकार श्रोते निवडून बोलावले होते. पण वादनाच्या वेळी गोंदा नावाच्या बहुरूप्यालाही त्यांनी समोर उभे केले. गोंदा एक शब्दही न बोलता, केवळ हावभावांनी लोकांना हसवत असे.

त्र्यंबक कासावीस झाला. "गुरुजी, माझ्या साधनेचं हसं होईल!"

"होऊ दे," गुरुजी म्हणाले. "तू वाजव."

त्र्यंबकने पहिला स्वर लांबवला. गोंदाने जणू डोक्यावर जड गाठोडे घेतले आणि स्वर लांबेल तसा तो वाकत गेला. लोक खळखळून हसले. त्र्यंबक संतापला. गोंदाला फसवण्यासाठी त्याने भरधाव तान घेतली आणि मध्येच तोडली. गोंदा तत्क्षणी एका पायावर थिजला. हशा दुप्पट झाला.

अखेर त्र्यंबकचा राग थकला. डोळे भरून आले. त्याने अगदी हळुवार एक खालचा स्वर लावला. गोंदा गुडघ्यांवर बसला आणि जमिनीवरून पाखराचे पिल्लू उचलावे तशी त्याने ओंजळ उचलली. हसणे थांबले. स्वर चढत गेला, ओंजळ वर जात राहिली. स्वर विरला तेव्हा ती उघडली.

सर्वांनी माना वर करून छताकडे पाहिले. त्र्यंबकनेही पाहिले.

लोक पांगल्यावर त्र्यंबक म्हणाला, "गुरुजी, सूर माझाच होता. मग मी वर का पाहिलं?"

"कारण आजवर तू सूर वाजवून पुढे जात होतास; तो कुठे जातो हे कधी पाहिलंच नव्हतंस. जाणकार तुझी तयारी ऐकतात. गोंदाला मात्र प्रत्येक सूर अखेरपर्यंत ऐकावा लागतो. सूर निसटला, तर त्याची नक्कलही फसते. तुला इतकं कुणी ऐकावं, अशी माझी इच्छा होती."

त्र्यंबक गोंदाकडे गेला. "ते पाखरू तुम्हाला सुचलं तरी कसं?"

गोंदा संकोचून हसला. "मला कुठलं सुचतंय, बुवा? ते तुमच्या सारंगीच्या गजाखालून निघालं. पडू नये म्हणून मी नुसते हात धरले."

त्र्यंबकने गोंदाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि कितीतरी वेळ तसेच धरून ठेवले.