चटईवरचे बोलणे

पूर्वी शूर्पारक नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी बाजाराचा अमात्य होता. समुद्राकाठच्या त्या नगरात दर पौर्णिमेला मोठा लिलाव भरत असे. हस्तिदंत, वस्त्रे, गाईगुरे, सारे काही बोलीवर विकले जाई.

त्या बाजाराची एक जुनी रीत होती. तिसरा पुकारा झाला की घेणारा आणि देणारा एका चटईवर बसत. देणारा आधी वस्तूची खोड सांगे, मग गुण सांगे, आणि घेणाऱ्याच्या हातावर पाणी सोडून ती त्याच्या स्वाधीन करी. मग मोबदला मिळे. पण लोक लबाड झाले. खोड ऐकली की घेणारा किंमत पाडू लागे. दांडगे लोक अर्धेच पैसे टाकून उठत. दुरून आलेले विक्रेते रिकाम्या हाताने परतत.

बोधिसत्त्वाला त्यांची दया आली. त्याने एक भरणाघर बांधले. आता घेणारा एका खिडकीपाशी बोलीची पूर्ण रक्कम भरी आणि दुसऱ्या खिडकीतून माल नेई. देणाऱ्याला तिसऱ्या खिडकीत त्याच दिवशी पैसे मिळत. कुणाला कुणाचे तोंड पाहावे लागत नसे. फसवणूक थांबली. बाजार दुपारीच आटोपू लागला आणि राजाचा हिस्सा वाढला. राजा संतुष्ट होऊन म्हणाला, "वर्षभर असंच चाललं, तर अमात्य, एक गाव तुम्हाला इनाम."

एका पौर्णिमेनंतर अनुला नावाची कुंभारीण एक तांबडी गाय ओढत भरणाघराशी आली.

"ही तुमची दुधाळ गाय!" ती खिडकीतल्या कारकुनाला म्हणाली. "घरी नेल्यापासून थेंब नाही. माझी लेक बाळंतपणात गेली. मागे तान्हं बाळ आहे, ते पेजेत बुडवलेलं बोट चोखतंय. त्याला मी काय पाजू? तुम्ही दुधाळ म्हणून मारलेला शिक्का?"

"बाई, लिलावाच्या सकाळी मी स्वतः धार काढली," कारकून म्हणाला. "चरवी भरून फेस खाली आला होता. तुम्हाला धार काढता येते ना? की मडकं वळल्यासारखी ओढता?"

रांगेतले लोक हसले. अनुला हसली नाही.

बाजाराचा कोषाध्यक्ष कुंडल बाहेर आला. त्याने निवाडा दिला, "विकणाऱ्यानं काहीतरी चारून फसवलंय. त्याला आणा. पैसे परत घ्या आणि बाजारभर त्याच्या नावाची दवंडी पिटा."

गाय विकणारा सोणक नावाचा एक म्हातारा होता. हातात जोर उरला नाही म्हणून त्याने ती विकली होती. शिपाई त्याला अंगणात घेऊन आले. तो गाईजवळून जाताच तिने मान वळवली, हंबरली, आणि तिच्या कासेतून दूध आपोआप जमिनीवर ठिबकू लागले.

"चेटूक करतोय म्हातारा!" रांगेतून कुणीतरी ओरडले.

गलबला ऐकून बोधिसत्त्व तिथे आला. त्याने जमिनीवरचे दूध पाहिले, आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावरचा विटलेला, बायकी काठाचा शेला पाहिला.

"आजोबा," त्याने विचारले, "ही पान्हा चोरते, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की. तिची तेवढीच खोड. माझी बायको, सामा, तिची धार काढायची. सामा तापानं गेली, तेव्हापासून हा शेला जवळ असला तरच ती पान्हावते."

"मग विकताना सांगितलं का नाही?"

म्हातारा गोंधळला. "सांगणारच होतो, महाराज. पैसे हातावर पडले तेव्हा मी विचारलं, चटई कुठं घातलीय? खिडकीतले म्हणाले, आजोबा, पुढे सरका."

कारकुनाने मान खाली घातली. बोधिसत्त्वाने भरणाघराच्या तीन खिडक्यांकडे पाहिले. ती चटई त्यानेच उचलवली होती.

कुंडल म्हणाला, "मग सोपं आहे. शेल्यावाचून गाय दूध देत नाही, म्हणजे शेला मालाचाच भाग. काढून घ्या आणि बाईला द्या."

"शेल्यावर बोली लागलेली नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "जे विकायला आणलंच नाही, ते राजालाही घेता येणार नाही."

त्याने आपले उपरणे अंगणात अंथरले आणि दोघांना त्यावर बसायला सांगितले. रांग खोळंबली. कुंडल सूर्याकडे पाहू लागला. बोधिसत्त्वाने कुणालाच घाई केली नाही.

ती दोघे बराच वेळ नुसती बसली. शेल्याकडे न पाहता अनुला म्हणाली, "बाबा, सकाळी धारेच्या वेळी तुम्ही याल?"

"आलो असतो. पण तुमच्या वस्तीचा चढ गुडघे चढू देत नाहीत." मग त्याने विचारले, "बाळाचं नाव काय?"

"ठेवलं नाही अजून. तिनं ठेवायचं होतं."

सोणकाने मान हलवली. मग शेला खांद्यावरून काढला, हळू झटकला आणि अनुलेच्या खांद्यावर घातला. काठ सरळ केला.

"हा धुऊ नका," तो म्हणाला. "मीही धुतलेला नाही."

"गाय मला ओळखायला लागली की परत आणून देईन, बाबा."

"तोवर वास गेलेला असेल," म्हातारा म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "तरी आणा."

अनुला गाईपाशी बसली. कुणीतरी चरवी पुढे केली. पहिली धार चरवीत वाजली.

त्या दिवसापासून बोधिसत्त्वाने नवा नियम केला. भरणा आधी, चटई नंतर. किंमत पाडायला वाव राहिला नाही, आणि चटईवर बोलल्यावाचून माल कुणाच्या हाती जाईना. बाजार पुन्हा दिवेलागणीपर्यंत रेंगाळू लागला, राजाचा हिस्सा घटला, आणि इनामाचे गाव दुसऱ्या कुणाला मिळाले. बोधिसत्त्वाला त्याचे दुःख झाले नाही.

ही कथा सांगून शास्ते भगवान विहारातल्या भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा कुंडल म्हणजे आज कोठारात चीवरे मोजून देणारा तुमच्यातलाच भिक्षू. अनुला म्हणजे रोज सकाळी विहाराच्या दाराशी दूध ठेवून जाणारी उपासिका. या जन्मी स्वतःची लेक गेल्यापासून कुणाशी न बोलणारा, तिकडे खांबाशी बसलेला हा वृद्ध भिक्षू म्हणजे सोणक. आणि तो अमात्य मीच होतो. भिक्षूंनो, न्याय दोघांना त्यांचे त्यांचे देऊन मोकळा होतो. त्यांना एकमेकांपाशी बसू देते, ती करुणा."