न हुंगलेला धूर

एका राज्यात सोमिल नावाचा रसवैद्य होता. त्याच्या घराण्याचा रिवाज असा, की नवं रसायन भट्टीवरून उतरलं की करणाऱ्याने ते आधी स्वतः हुंगायचं, मगच दुसऱ्याच्या हाती द्यायचं. सोमिलने टोळधाडीवर एक धूर शोधला आणि राज्यातली शेतं वाचली. राजाने त्याला शालजोडी दिली आणि वर म्हणाला, "वैद्यराज, हाच धूर जहाल करा. पलीकडच्या खोऱ्यात शत्रूवर सोडायचा आहे." राजेलोकांना एकदा चटक लागली की आवरत नाही.

सोमिलने धूर जहाल केला, रांजणांत कोंडला, तोंडं मेणाने बंद केली. हुंगायचं राहून गेलं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

सैनिकांनी रांजण खोऱ्यात नेऊन फोडले आणि एका सकाळी खोरं निपचित पडलं. त्याच सकाळी राज्यातला वास नाहीसा झाला. मोगरा नुसताच फुलू लागला. त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. पण गाईंना आपली वासरं ओळखू येईनात. त्या नाक लावत आणि लाथेने दूर सारत. गोठ्यागोठ्यांत वासरं भुकेने मरू लागली.

भट्टीच्या कौलांवर राहणारी साळुंकी म्हणाली, "वैद्यराज, हा शाप तुमचाच. खोऱ्यात जा. तीन दारी आपली करणी सांगा. खरं बोलाल तिथे उतारा मिळेल."

पहिल्या दारी सोमिल म्हणाला, "राजाज्ञा होती." दार बंद झालं.

दुसऱ्या दारी म्हणाला, "मी फक्त केला. सोडला सैनिकांनी." तेही दार बंद झालं.

तिसऱ्या दारी एक म्हातारी मांडीवर मुलाचं मुंडासं घेऊन बसली होती. शरमेने सोमिलची मान वर होईना.

"आजी, धूर मी केला. आणि हुंगायचं राहून गेलं नव्हतं. आत काय आहे ते मला ठाऊक होतं, म्हणून हुंगला नाही."

म्हातारी रडली नाही. तिने मुंडासं पुढे केलं. "अजून भरलाय यात. घे, आता हुंग."

त्याने हुंगलं. छातीत आग उठली, तो उंबऱ्यावर कोसळला. तिने पाणी दिलं नाही. त्याच घटकेला तिकडे राज्यात गाई हंबरल्या आणि वासरांना चाटू लागल्या.

तो परतला तर राजा आणखी रांजण मागत होता. सोमिलने उरलेला एकमेव रांजण सिंहासनापुढे ठेवला. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "महाराज, करणाऱ्याने हुंगला. आता मागणाऱ्याने हुंगावा, मग भट्टी पेटवतो."

राजाचा हात मेणापर्यंत गेला आणि मागे आला. रांजण खोल पुरला गेला. तसा धूर त्या राज्यात पुन्हा झाला नाही.

लोकांना मोगऱ्याचा वास आला, भाताचा आला. सोमिलला मात्र मोगऱ्यातही मुंडाशाचाच वास येई.

साळुंकीने विचारलं, "यावर उतारा सांगू?"

"नको," तो म्हणाला. "हा माझा आहे."