शेवाळे सरांचं मौन

"आणि खाणाखुणा केल्या तर चालतील का, भंते?"

"चालतील."

"पाटीवर लिहिलं तर?"

"लिहा."

"शिट्टी? म्हणजे अगदीच अडलं तर..."

भंते धम्मसार पायात चप्पल सरकवत होते. त्यांनी वर बघितलं.

"सर, अट एवढीच. वर लेण्यांपर्यंत जायचं, खाली यायचं. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. जमलं तर खोली तुमची."

डोंगराच्या पायथ्याला भंतेंचा छोटा विहार होता आणि विहारामागे पाहुण्याची एकच खोली. दरवर्षी माघात भंते एका माणसाला महिनाभर तिथं ठेवून घेत आणि ध्यान शिकवत. यंदा ती खोली रत्नाकर शेवाळे सरांना हवी होती.

सरांनी छत्तीस वर्षं इतिहास शिकवला होता. निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला, पण तास काही संपला नाही. न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत जो सापडेल त्याला सर सातवाहनांपासून धरत. सोसायटीतली माणसं त्यांना बघून जिना बदलत.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण दीड वर्षापूर्वी सरांची बायको आजारपणात गेली. शेवटच्या दिवशी ती काहीतरी सांगू बघत होती, आणि सर तिला तिच्या औषधाची माहिती सांगत होते. तिला काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं. तेव्हापासून सरांना स्वतःच्या आवाजाची धास्ती वाटे, आणि तरी तो थांबत नसे. म्हणून ते इथं आले होते. ही खोली मिळाली नाही, तर आपलं काही खरं नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

अर्थात भंतेंना त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. "मौनाचा माझा थोडा अभ्यास आहे," एवढंच म्हणाले होते.

रविवार होता. सोलापूरहून आठ माणसं लेणी बघायला आली होती. अशा मंडळींना भंते स्वतः वर घेऊन जात. निघताना अंगणात उभं राहून ते सगळ्यांना सूचना देऊ लागले. पाणी बरोबर घ्या, पायवाट सोडू नका, अगरबत्ती इथंच खाली लावा, वर लेण्यात नको...

नेमक्या त्याच वेळी शेवाळे सरांनी मौनाला सुरुवात केली.

आपलं मौन आहे हे लोकांना कळायला नको का? त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मग छातीवर हात ठेवला, मग डोंगराकडे बोट केलं, मग दोन बोटं चालवून दाखवली. मंडळींची निम्मी डोकी भंतेंकडून सरांकडे वळली.

"काय म्हणतायत ते?" रोकडेबाईंनी शेजारणीला विचारलं.

"घसा बसलाय वाटतं बिचाऱ्यांचा."

सरांनी जोरजोरात मान हलवली, पाटी काढली आणि लिहिलं, 'घसा उत्तम. मौन स्वेच्छेने.' खाली दोन रेघा ओढल्या.

चढ सुरू झाला. पुढं भंते, मागं मंडळी, आणि मंडळींच्या मागं, पुढं, डावीकडं, उजवीकडं शेवाळे सर.

पहिल्या वळणावर दगडात कोरलेलं पाण्याचं टाकं लागलं. सरांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना थांबवलं. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू हे पाणी साठवत, हे त्यांना सांगायचं होतं. त्यांनी दोन हजार वर्षं हातांनी दाखवली. मग ओंजळीनं पाणी प्यायल्याचं करून दाखवलं. एकानं लगेच आपली बाटली पुढं केली. नको म्हणायला शब्द नव्हते, म्हणून सरांना ते पाणी प्यावं लागलं.

दुसऱ्या वळणावर त्यांनी लेणं कसं कोरलं ते सांगायला घेतलं. कारागीर आधी छत कोरत आणि वरून खाली येत. अजून न कोरलेल्या दगडावरच उभं राहून ते काम करत. सांगायला ही गोष्ट सोपी आहे. करून दाखवायला मात्र सर टाचा उंचावून, मान मागं टाकून डोक्यावर छिन्नी चालवू लागले आणि हळूहळू वाकत वाकत जमिनीपर्यंत आले.

"उसण भरली, उसण," कुणीतरी म्हणालं. दोघांनी सरांना धरून सावलीत बसवलं. तिसऱ्यानं कमरेला बाम चोळला.

सर पाटीवर भराभरा लिहीत होते, पण बाम चोळणारा हात थांबत नव्हता, त्यामुळं अक्षर लागत नव्हतं.

भंते वरच्या दगडावर बसून हे बघत होते. त्यांनी दोन्ही कानांवरून शाल घट्ट गुंडाळून घेतली. थंडी होती म्हणा...

शिट्टी सरांनी तीनदा वाजवली. तिन्ही वेळा अगदीच अडलं होतं, असं त्यांचं मत.

दीड तासानं चैत्यगृह आलं. मोठी कमान, आत खांबांच्या दोन रांगा, आणि टोकाला अंधारात स्तूप. कमानीच्या आतल्या बाजूला, डोक्याच्या बरंच वर, आग्यामोहोळ लोंबत होतं. चांगलं सुपाएवढं. माश्या शांत होत्या.

मंडळी कमानीबाहेर दम खात होती. भंते एका म्हाताऱ्या गृहस्थांना हात देत शेवटच्या पायऱ्या चढवत होते. आत पोचले होते दोघंच, शेवाळे सर आणि रोकडेबाई.

रोकडेबाईंनी पिशवीतून अगरबत्तीचा अख्खा पुडा काढला आणि मोहोळाच्या बरोबर खाली उभं राहून पेटवला. मग हात जोडून, डोळे मिटून त्या वंदना म्हणू लागल्या.

धूर सरळ वर निघाला.

सरांनी वर मोहोळाकडे बघितलं. खाली सूचना चालू होती, तेव्हा या बाई आपल्याकडे बघत होत्या, हे त्यांना लख्ख आठवलं.

त्यांनी हात वर केले आणि तसेच खाली आणले. हात हलवले की माश्या उठतात. त्यांनी पाटी पुढं धरली. बाईंचे डोळे मिटलेले. शिट्टी ओठांपर्यंत गेली आणि परत आली.

वर बारीक गुणगुण सुरू झाली.

खोली... एक महिना... सरांना सगळं एकदम दिसलं. बाहेर भंते शेवटच्या पायरीवर येऊन उभे होते आणि आतच बघत होते.

सर बाईंच्या कानाशी वाकले.

"बाई, विझवा. वर मोहोळ आहे."

इतक्या हळू आवाजात ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

बाईंनी डोळे उघडले, वर बघितलं, आणि बाटलीतलं पाणी पुड्यावर ओतलं. दोघंही पाठ न वळवता एकेक पाऊल मागं आली. गुणगुण थोडी वाढली, घुटमळली, उतरली. मंडळींना त्या दिवशी स्तूपाचं दर्शन बाहेरूनच झालं.

उतरताना शेवाळे सर गप्प होते. पाटी पिशवीत गेली होती. टाक्यापाशी एकानं मुद्दाम विचारलं, "सर, हे काय आहे?" सरांनी नुसतं टाक्याकडे बघितलं.

रोकडेबाई त्यांच्या बरोबरीनं चालत होत्या. त्यांच्या सासूला गुडघ्यांमुळं डोंगर चढवत नव्हता, पुडा तिनं दिला होता. मग सासूच्या स्वभावाचं निघालं, मग धाकट्या जावेचं, मग सगळ्या घराचं. सर मध्ये एकदाही बोलले नाहीत. त्यांचं लक्ष फक्त ऐकण्याकडेच होतं, असंही नाही. हातची खोली गेली, हेच डोक्यात घोळत होतं. पण जाऊबाईंच्या लग्नापर्यंत येईतो ते खरोखरच ऐकू लागले होते.

"मनातलं सगळं बोलून गेले हो मी," पायथ्याशी बाई म्हणाल्या आणि गाडीकडे गेल्या.

सर विहाराच्या ओट्यावर आले. सकाळी तिथं ठेवलेली बॅग त्यांनी उचलली. भंते नळावर पाय धूत होते.

"निघतो, भंते."

"का बरं?"

सरांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवले नाहीत.

"मौन मोडलं माझं."

"कधी?"

"वर... मोहोळाखाली. तुम्ही बघितलंत."

भंतेंनी पाय पुसले. सरांच्या हातातली बॅग घेतली, मागच्या खोलीचं दार पायानं लोटलं आणि बॅग आत खाटेवर ठेवली.

"ते होय," ते म्हणाले. "मला वाटलं, सकाळपासून आत्ता कुठं हा माणूस गप्प बसला."