रुधिरवेलीचे पिल्लू

एका राज्यात, जिथे जमीन संपून काळा समुद्र लागत असे, तिथल्या खडकावर रुधिरवेल वाढत होती. तिला देठ होते, पाने होती, लाल फुले होती. म्हणून लोक तिला देवीची वेल म्हणत आणि रोज सकाळी तिच्यावर गोड्या पाण्याची घागर ओतत. राजा वीरबाहूने आपल्या राज्याभिषेकाच्या वर्षदिनाच्या माळेसाठी तिची सारी फुले खुडली. देठांतून रक्त वाहिले.

तेव्हा लाटेतून एक मांत्रिक वर आला. म्हणाला, "राजा, ही वेल नव्हे, समुद्रातला जीव आहे. ती फुलं नव्हती, तोंडं होती. हिचं पिल्लू एका डोळ्यानं खडक शोधतं. तिथं रुजलं, की स्वतःचाच डोळा पचवून टाकतं. तुझी थोरली लेक हेमलेखाही तशीच रुजेल. आधी दृष्टी जाईल, मग आठवण. वेलीचं पिल्लू इथं रुजेल, तेव्हाच ती सुटेल."

थोरल्या राजकन्येचे पाय त्याच क्षणी खडकाला चिकटले.

धाकटी चित्रगंधा घागरीमागून घागरी ओतू लागली. वेल अधिकच काळवंडली. शेजारी पंख वाळवत बसलेला पाणकावळा खेकसला, "अगं, तुळस आहे का ती? गोड्या पाण्यानं पोळतं तिला!"

"मग काय करू, पक्षिराज?"

"आधी घागरी थांबव. मग नवी तोंडं फुटतील, त्यांना कोळंबीची बारीक पूड भरव. शेवटी पिल्लांना अंधार दे. ती सावलीच्या खडकावरच रुजतात. उजेडाला भुलली, की वाळूवर येऊन सुकतात."

चित्रगंधा वेलीपुढे आडवी उभी राहिली. लोकांनी शिव्या दिल्या, घागरी फोडल्या. ती हलली नाही. नवी तोंडे फुटली, तिने ती भरवली. वेलीने पिल्ले सोडली. पण बुरुजावर विजयदीप जळत होता, आणि पिल्ले त्याच्याकडे वळून वाळूवर मरू लागली.

"बाबा, दीप विझवा."

"सात पिढ्यांचा दीप आहे, पोरी."

"ताईला आता दिसत नाही."

"उद्या बघू."

दुसऱ्या रात्री चित्रगंधा रडत आली. "ताईनं मला विचारलं, तू कोणाची?"

राजा धावत बुरुजावर गेला. त्याने उघड्या तळहातांनी ज्योत दाबली. खडकावर अंधार पसरला. शेवटचे पिल्लू तिथे टेकले, त्याने मूळ रोवले आणि आपला डोळा गिळला. शाप सुटला. हेमलेखाचे पाय मोकळे झाले, डोळ्यांत दृष्टी परतली. त्या राज्यात पुन्हा कोणी वेलीला घागर घातली नाही, की बुरुजावर दिवा लावला नाही.

पण जी आठवण पचली होती, ती परतली नाही. हेमलेखाने बुरुजावरून उतरून समोर आलेल्या म्हाताऱ्याचे भाजलेले तळहात पाहिले.

"आजोबा, फार दुखतंय का?" तिने विचारले.

"नाही, बाई," राजा म्हणाला, आणि परक्या माणसासारखा बाजूला होऊन त्याने तिला वाट दिली.